परस्थांचे दान

परमुलखात जाऊन राहिलेल्या कोणत्याही समाजाचे वार्तापत्र हाती घ्यावे, मग ते आखातातील फिलिपिनो मंडळींचे असो की उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्रीयांचे, त्याच्या एकाच पानावर देव आणि दुकान शेजारी शेजारी मांडलेले आढळतात. नाताळपूर्व उपासनेच्या वेळा जेथे छापलेल्या असतात तेथेच खाली मायदेशी पैसे पाठविण्याचा त्या दिवसाचा दर असतो. गणेशोत्सवातील महाप्रसादाचे निमंत्रण आणि घरांच्या दलालाची जाहिरात एकाच चौकटीत नांदतात. आणि रांगोळी-स्पर्धेचा निकाल संपतो न संपतो तोच कोणी कोठे नवे उपाहारगृह उघडले याचे वर्तमान सुरू होते. हे पाहून आपल्याकडील सुशिक्षित, श्रद्धावान आणि किंचित तुसडा असा जो वाचक असतो तो नाक मुरडतो. त्याचे म्हणणे असे की, ज्या उत्सवाच्या मखरावर विमा-एजंटाचे नाव झळकते तो उत्सव देवाचा राहत नाही, आणि ज्या देणगीच्या मोबदल्यात देणगीदाराला आपले नाव दहा वेळा ऐकावयास मिळते ती देणगी म्हणजे दान नव्हे, तो सौदा होय. आक्षेप जुना आहे, प्रामाणिक आहे आणि वरवर पाहता बिनतोडही आहे. तरीही त्याच्याशी थोडा वाद घालावा असे मला वाटते, आणि तो वाद छत्रपती संभाजीनगरात बसून घालणे विशेष सोयीचे आहे. कारण हे शहरच मुळी एका परस्थाने वसविलेले आहे. हबसाण प्रांतात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला आणि बगदादेवरून दक्षिणेत येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे राजधानी मांडली, नहरीने पाणी आणले, आणि तेव्हापासून या गावात बाहेरून येऊन स्थिरावणाऱ्यांचा ओघ कधी आटला नाही.

त्या ओघातील एका समाजाची कथा प्रस्तुत प्रश्नाला फार जवळची आहे. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजापाशी, जी पाणचक्की पाहावयास प्रवाशांच्या गाड्या थांबतात, तिच्या आवारात बाबा शाह मुसाफिर या नक्षबंदी फकिराची कबर आहे. हे बाबा मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे दोघेही बुखाऱ्याजवळच्या गिझदुवान गावाकडचे. औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांमध्ये तुराणी शिपायांचा भरणा मोठा होता. बल्ख, बुखारा, समरकंद येथून निघून, घरदार हजारो मैल मागे ठेवून, मराठ्यांच्या किल्ल्यांभोवती वर्षानुवर्षे वेढा घालून बसलेली ही माणसे. बाबा पलंगपोश गाजीउद्दीन खान फिरोजजंगाच्या लष्कराबरोबर छावणीतून छावणीत हिंडत, तर बाबा मुसाफिर याच शहरातील, तेव्हाच्या औरंगाबादेतील, तकियात म्हणजे फकिरांच्या मठात ठाण मांडून बसले. या दोघांची हकीकत 'मलफूझात-इ-नक्षबंदिया' या फारसी ग्रंथात तकियाचे पुढील गादीधर शाह महमूद यांनी नोंदवून ठेवली आहे, आणि सायमन डिग्बी या अभ्यासकाने केलेले तिचे इंग्रजी भाषांतर २००१ साली प्रसिद्ध झाले. अध्यात्माच्या गूढ चर्चेची अपेक्षा ठेवून जो हा ग्रंथ उघडील त्याचा विरस होण्याचा संभव आहे. त्यात माणसांची ये-जा आहे, नजराणे आहेत, लढाईवर निघालेल्याने मागितलेला दुवा आहे, मुलखाकडून नुकत्याच आलेल्या आणि ओळखीपाळखी नसलेल्या फाटक्या प्रवाशाला मिळालेले जेवण आहे. धर्मस्थळ, भोजनगृह, चाकरीच्या शिफारशीचे ठिकाण आणि गावाकडची खबर कळण्याचा चौक, ही सारी कामे एकच जागा करीत होती. फकिराच्या पायाशी बसून आपल्या बोलीत दोन शब्द बोलावयास मिळतात म्हणून जो शिपाई येत असेल, त्याच्या भक्तीतून त्या बोलीची ओढ वेगळी काढून तोलून दाखविणे कोणाला शक्य आहे?

पुढे अठराव्या शतकात तेथे पाण्यावर चालणारी चक्की बसली. हे बांधकाम परंपरेने तुर्कताज खान या सरदाराच्या नावे सांगितले जाते. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून भूमिगत मार्गाने आणावयाचे, उंच भिंतीवर चढवून हौदात पाडावयाचे आणि त्याच्या जोरावर जाते फिरवावयाचे, अशी ती योजना. जात्यातून निघणारे पीठ तकियातील फकीर, मदरशातील विद्यार्थी आणि वाटसरू यांच्या भाकरीसाठी होते. ज्या स्थळी ध्यान आणि स्मरण चालावयाचे तेथेच यंत्राची घरघर चालत असे, आणि त्याचा विटाळ कोणास वाटल्याचे ऐकिवात नाही.

आता आक्षेपकाच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोलून टाकले पाहिजे, कारण त्याच्या पाठीशी लहानसहान साक्षीदार उभे नाहीत. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत, आणि ज्याच्याकडून परतफेड होणे नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य काळी, केवळ द्यावयाचे म्हणून दिलेले तेच सात्त्विक. उलट उपकाराची फेड किंवा फळ मनात धरून दिलेले ते राजस, असा निवाडा दिला आहे. या मापाने मोजले तर स्मरणिकेतील पानभर जाहिरात राजसाच्याही खालच्या पायरीवर जाईल. फिलिपिनो समाज बहुसंख्येने कॅथलिक. त्याच्या शुभवर्तमानात उजवा हात काय देतो हे डाव्यास कळू नये असा दंडक आहे, आणि त्याच ग्रंथात येशूने जेरुसलेमच्या मंदिराच्या प्रांगणातून सराफ आणि विक्रेते हाकलून दिल्याची हकीकत आहे. कुराणात तर प्रस्तुत वादाचे नेमके चित्रच आहे: जुम्याचे प्रवचन चालू असता व्यापारी तांडा आल्याची चाहूल लागली आणि श्रोते पैगंबरांना उभेच ठेवून तिकडे धावले, या प्रसंगावरून व्यापार व करमणूक या दोहोंना एकत्र फटकारले आहे.

परंतु हे साक्षीदार जरा उलटतपासणीस घ्यावे. जुम्याच्या त्याच अध्यायात नमाज आटोपल्यावर पांगा आणि ईश्वराची कृपा, म्हणजे आपला उदरनिर्वाह, शोधा, अशीही आज्ञा आहे. व्यापार निषिद्ध नाही, त्याची वेळ ठरलेली आहे. दानाविषयी तर कुराणाचे म्हणणे असे की, ते उघड दिले तरी चांगलेच, गुप्तपणे गरिबास दिले तर अधिक चांगले. आणि जेरुसलेमच्या त्या सराफांची गिऱ्हाइके कोण होती? देशोदेशी विखुरलेले जे यहुदी सणासाठी मंदिरात येत, त्यांच्या हाती निरनिराळ्या राज्यांची नाणी असत, आणि मंदिराची अर्ध्या शेकेलची पट्टी मात्र टायर शहराच्या चोख चांदीतच घेतली जाई; तेव्हा नाणी बदलून देणारा कोणी तरी तेथे असणे भागच होते. म्हणजे सराफाचा पाट मंदिरात आला तो परस्थांच्या भक्तीच्या सोयीसाठी आला. येशूचा कोप झाला याचे कारण माझ्या मते नाणेबदल हे नव्हते. जेथे परक्यानेही प्रार्थनेस उभे राहावयाचे तेथे त्याला उभे राहावयास जागाच उरली नाही, हे होते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण सगळा निर्णय पुढे त्याच्यावरच येऊन ठेपतो.

आपल्या संतांनीही या बाबतीत एकच एक वाट आखून दिलेली नाही. पैठणचे नाथ तरुणपणी देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब लिहीत, आणि एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर दिव्याशी बसून ती सापडताच आनंदाने टाळी वाजविते झाले, तेव्हा गुरूंनी त्याच एकाग्रतेला परमार्थाकडे वळविले, अशी आख्यायिका मराठवाड्यात घरोघर सांगितली जाते. तुकोबांची आख्यायिका अगदी उलट दिशेची: त्यांनी वाण्याच्या धंद्यातील कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. एकाने पैचाही हिशेब सोडला नाही, दुसऱ्याने सगळ्या हिशेबावर पाणी सोडले, आणि वारकरी दोघांचीही नावे एकाच दमात घेतो. तेव्हा वही आणि वीणा यांचे जन्मजात वैर आहे, ही समजूत संतांच्या पदरी बांधण्यात अर्थ नाही.

मला तर असे वाटते की, उत्सव आणि व्यापार यांची फारकत ही मायदेशी राहणाऱ्यांना परवडणारी चैन आहे. आपण देवळात जातो तेव्हा आपल्याला जागेचे भाडे पडत नाही. गुरव, घडशी, पुजारी यांच्या पोटाची तजवीज कोणा राजाने, देशमुखाने, पाटलाने कधी काळी सनद करून इनाम जमिनीवर लावून दिलेली असते. दीपमाळेवर ज्याचे नाव होते ते चुन्याखाली बुजून गेलेले असते. दात्याचा विसर पडला म्हणून आपल्याला दान निर्मळ वाटते, इतकेच. पाणचक्कीच्याच आवारात आज महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय आहे, आणि निजामी अमदानीतील मुंतखबाची, म्हणजे इनामाच्या दाखल्याची, नक्कल बगलेत मारून वारसाहक्काची तक्रार करीत आलेली माणसे तेथे पाहिली म्हणजे, श्रद्धेच्या पाठीमागे किती जमीन, किती दफ्तर आणि किती कज्जेदलाली उभी असते, याचा उलगडा होतो. परदेशी गेलेल्या माणसाला हा जुना ठेवा नसतो. त्याला प्रत्येक पिढीत, किंबहुना प्रत्येक वर्षी, सभागृह भाड्याने घ्यावे लागते, मूर्ती मागवावी लागते, अग्निशमन खात्याची परवानगी काढावी लागते. आणि हा खर्च त्याच्याच समाजातील किराणा-दुकानदार, डॉक्टर, दलाल यांनी उचलला नाही तर तो उचलणारे दुसरे कोणी नाही.

फिलिपिनो समाजाची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नाताळापूर्वी १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ दिवसांच्या पहाटेच्या उपासनेला ते 'सिंबांग गाबी' म्हणतात. शेतकऱ्याला कामावर निघण्यापूर्वी देवाच्या दारी जाता यावे म्हणून ती पहाटे ठरली, असे सांगतात. तोच समाज आखातात नोकरीस गेला तेव्हा कित्येक ठिकाणी ही पहाटेची उपासना दिवसभराचे काम उरकल्यावर सायंकाळी होऊ लागली. आणि जेथे साप्ताहिक सुटी शुक्रवारची, तेथे रविवारची प्रार्थना शुक्रवारी करण्याची वहिवाट पडली. शास्त्राची काटेकोर मांडणी करणाऱ्याला हे बेकायदेशीर वाटेल. परंतु मूळचा रिवाजही मजुराच्या घड्याळावरच बेतलेला होता, हे तो विसरतो. हाँगकाँगमध्ये घरकामास गेलेल्या फिलिपिनो स्त्रिया आपल्या सुटीच्या रविवारी सेंट्रल भागातील पदपथांवर आणि बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरून बसतात. तेथेच जेवण वाटून खातात, प्रार्थना करतात, केस विंचरतात, घरी पाठवावयाच्या पेटाऱ्यांत साबण, कपडे आणि डबाबंद खाद्य भरतात, आणि जवळच्याच वर्ल्ड-वाइड हाउस या इमारतीत जाऊन पैसे रवाना करतात. यात भक्ती कोठे संपली आणि व्यवहार कोठे सुरू झाला? मुलाच्या शाळेची फी भरणारी ती पावती माझ्या मते प्रार्थनेचाच उत्तरार्ध आहे.

येथवर आल्यावर आक्षेपक विचारील की, मग सारेच क्षम्य काय? मखरावर कोणाचेही नाव चालेल? तसे मुळीच नाही. आणि यासाठी मी त्याला नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांकडे, इतर काही लेण्यांवरून घेऊन जाऊ इच्छितो. सातवाहनकालीन लेण्यांच्या भिंती म्हणजे एक प्रकारे त्या काळचे जाहीर वार्तापत्रच आहे. आमच्या कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या चैत्यगृहात प्रतिष्ठानच्या मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरे विकणाऱ्या व्यापाऱ्याने, दिलेला खांब आहे आणि त्यावर त्याचे नाव, गाव व धंदा कोरलेला आहे. तेथीलच यक्षाच्या मूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराने आपली सही केली आहे. पैठणाहून भडोचेपर्यंत गाड्या जात, तेथून माल समुद्रापार जाई, असे ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये नमूद आहे. त्या मार्गावरून परकी माणसेही आली. कार्ल्याच्या चैत्यातील कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिले. जुन्नरला यवनांनी पाण्याची टाकी खोदविली. ज्या भूमीत आपले कोणी नाही तेथील दगडावर आपले नाव कोरून घेण्याची ही धडपड केवळ अहंकाराची होती, असे म्हणणे मला उथळपणाचे वाटते. स्वदेशात माणसाचे नाव भाऊबंद, शेतशिवार आणि सातबारा राखतात. परमुलखात ते त्याने स्वतःच कोठे तरी लिहून ठेवावे लागते.

या सर्वांत मोठा जाहीर देणगीदार म्हणजे उषवदात. हा दिनिकाचा पुत्र, क्षत्रप नहपानाचा जावई, जातीने शक, म्हणजे परकाच. पांडवलेण्यातील दहाव्या लेण्यात त्याने लेणे दान केल्याची नोंद आहे. परंतु माझे मन त्या लेण्यापेक्षा त्यासोबतच्या ठेवीवर अधिक रमते. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी केली: २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधी परत मागावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे; आणि २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे वर्षाचे २४० होतात, २० गुणिले १२ तेही २४०. नाथांनी टाळी वाजवावी असा हा पैपैचा मेळ आहे! सारा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखविला गेला आणि दफ्तरी नोंदविला गेला. यापेक्षा अधिक व्यापारी थाटाचे दान दुसरे कोणते असेल? भिक्षूंचे चीवर विणकरांच्या मागावरील नफ्यावर उभे होते, आणि ते सांगण्यात कोणास लाज वाटली नाही.

परंतु दान कोणाला दिले, हे त्या लेखात स्पष्ट आहे, आणि तेथेच माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते चातुर्दिश भिक्षुसंघाला दिले आहे, म्हणजे चारही दिशांनी जो कोणी भिक्षू येईल त्याला. शकाने शकांसाठी लेणे खोदले नाही, यवनाने यवनांच्या बैठकीसाठी खांब उभा केला नाही. देणाऱ्याचे नाव कोरलेले, रक्कम कोरलेली, व्याजाचा दरही कोरलेला. घेणाऱ्याचे नाव तेवढे रिकामे सोडलेले. ज्या दानात घेणाऱ्याची जागा अशी मोकळी राहते ते व्यापारातून आले तरी धर्मात जमा होते. आणि ज्यात देणारे व घेणारे दोघेही आधीच एकमेकांना ओळखतात, एकाच यादीत असतात, वर्गणी भरून आत येतात, तो कार्यक्रम कितीही सोवळ्यात पार पडो, ती भिशी होय. येशूने उलथविलेल्या पाटांचाही, मला वाटते, हाच गुन्हा होता.

हे माप घेऊन आपल्याच मंडळांकडे पाहावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र गुंफणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. त्याची द्वैवार्षिक अधिवेशने मोठ्या दिमाखाने भरतात, नाटक-संगीताची रेलचेल असते, अलीकडे उद्योजकांची परिषदही जोडलेली असते, आणि मला त्यात काही वावगे दिसत नाही. मला जे खटकते ते वेगळेच आहे. आखातात बांधकामावर गेलेला बीड-जालन्याकडचा गवंडी, किंवा जहाजावर स्वयंपाक करणारा रत्नागिरीचा पोरगा, परमुलखातल्या आरतीच्या वेळी दाराशी आला, त्याच्यापाशी प्रवेशपत्र नाही, विकत घेण्यासारखे काही नाही आणि विकण्यासारखेही काही नाही, तर त्याला ताट मिळते की नाही? त्याच्या जागी शेजारचा बांगलादेशी किंवा फिलिपिनो आला तर? ज्या मंडळात मिळते त्या मंडळाच्या मखरावर दलालाचे नाव खुशाल असू द्यावे, हवे तर दिव्यांच्या माळा लावून असू द्यावे. मिळत नसेल तर नाव काढून टाकल्याने काही साधणार नाही.

या विचारातून एक अवघड फळ निघते आणि ते लपविणे बरे नव्हे. चारही दिशांना दार उघडे ठेवणारा समाज हळूहळू स्वतः विरघळतो. नाशिकच्या सतराव्या लेण्याचा दाता उत्तरेकडील दत्तामित्री गावचा यवन. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धर्मदेव, आणि दानात सहभागी असलेल्या मुलाचे धर्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. पाणचक्कीला दर्शनास येणाऱ्यांतही आज बुखाऱ्याची बोली जाणणारा कोणी सापडणार नाही. तकिया तुराण्यांचा होता तो गावाचा झाला. परदेशातील आपली मंडळे मुलांसाठी मराठी शाळा चालवितात ती याच भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून गेलेल्यांचे वंशज आज घरात बहुधा क्रिओल बोलतात. परंतु गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी त्या देशात सर्वांना असते, ख्रिश्चनाला, मुसलमानाला आणि चिनी दुकानदारालाही. ज्यांच्यापाशी मखराला नाव देण्याइतकीही ऐपत नव्हती त्या उसाच्या मळ्यातील मजुरांचा गणपती साऱ्या बेटाच्या पंचांगात जाऊन बसला, आणि मजुरांची भाषा मात्र ओसरली. ही खरेदी महाग पडली की स्वस्त, याचा हिशेब मॉरिशसच्या मराठी माणसाने करावा. पुण्या-मुंबईत बसून तो करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, आणि धेनुकाकटच्या यवनांनी तो कसा केला असता हेही दगडावर कोठे लिहिलेले नाही.